कोणत्या कप्तानाच्या तारवावर चढाल?

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अलिबागला. ओहोटी होती, म्हणून कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून चालत गेलो. त्याआधीची दहा-बारा वर्षं समुद्र भेटला तो गावच्या वाचनालयात. कपाटातल्या दर्याच्या सगळ्या गोष्टी दोन-दोनदा वाचून झाल्या होत्या. तरी कप्तान हा माणूस मला खरा कळला तो २०१६च्या उन्हाळ्यात.

त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. घागरी रांगेत लावायच्या आणि रात्र ओट्यावर काढायची. अशाच एका रात्री मी विल्यम ब्लाय या इंग्रज कप्तानाची हकिकत वाचत होतो. ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडखोरांनी २८ एप्रिल १७८९ रोजी त्याला आणि १८ जणांना जहाजावरच्या एका होडीत उतरवलं आणि प्रशांत महासागरात सोडून दिलं. होडी २३ फुटांची. ब्लायनं दोन करवंट्यांचा तराजू केला, वजनाला पिस्तुलाची गोळी घेतली आणि बिस्किटाचा चुरा तोलून वाटायला सुरुवात केली. एका वेळेला पौंडाचा पंचविसावा हिस्सा, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. पाणी पाव पाइंट, एका कपात मावेल एवढं. एक माणूस सुरुवातीलाच एका बेटावर मारला गेला. बाकीचे सगळे ३,६०० सागरी मैलांचा प्रवास करून १४ जूनला तिमोरमधल्या कुपांगला जिवंत पोचले.

ओट्यावर बसून ते वाचताना मला होडीतल्या माणसांपेक्षा तराजू धरणाऱ्या हाताचंच जास्त वाटत राहिलं. त्यालाही तेवढीच तहान होती.

आणि हाच ब्लाय जहाजावर असताना माणसांना नकोसा झाला होता. बंडाच्या आदल्या दिवशी नारळ चोरीला गेले म्हणून त्यानं आपल्या अधिकाऱ्यांना सगळ्यांदेखत चोर म्हटलं. मी होडीतल्या ब्लायबरोबर जाईन, ‘बाउंटी’वरच्या ब्लायबरोबर जाणार नाही.

तुम्ही कुणाच्या तारवावर चढाल? इतिहासातला चालेल, गोष्टीतला चालेल. कारण मात्र सांगा.

बालाघाटचा गडी

दादा, मी बीड जिल्ह्यातला. १५ वर्षं नौदलात होतो, आता गावाकडं शेती करतो. ओडिशाला आयएनएस चिल्काला प्रशिक्षणाला गेलो तोवर मी पोहायला विहिरीत शिकलेला गडी. मह्या आईला वाटायचं, जहाजावर सगळीकडं पाणीच पाणी, पोराला पाण्याचा त्रास नाही. खरं सांगू का, पाणी जपून वापरायची सवय मला घरून होती म्हणून मी तिथं टिकलो. गोडं पाणी जहाजावर खाऱ्यातून तयार करावं लागतं. ते आधी यंत्राला, भटारखान्याला, मग माणसाला. आमच्या जहाजावर अंघोळीचं पाणी ठरल्या वेळेला सुटायचं आणि ठरल्या वेळेला बंद व्हायचं. पंजाबातली, केरळातली पोरं साबण अंगाला तसाच घेऊन ओरडायची. मी एका बादलीत अंघोळ करून उरलेल्यात बनियन धुवायचो.

आता कप्तानाचं. लोकांना वाटतं कप्तान म्हणजे हुकूम सोडणारा. मी पाहिलेला कप्तान बहुतेक वेळ गप असायचा. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, त्याची एक खुर्ची असते, तिच्यात दुसरं कुणी बसत नाही. दिवसाचे पहारे चार-चार तासांचे, फक्त संध्याकाळी चार ते आठ दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात, म्हणजे रोज त्याच माणसावर तीच वेळ येत नाही. रात्री बारा ते चार हा पहारा सगळ्यात वाईट. पण पहारे बदलतात ते आमचे. कप्तानाला पहारा नसतो, म्हणजेच त्याचा पहारा कधी संपत नाही.

झोपायला जाण्याआधी तो एका वहीत रात्रीचे हुकूम लिहून ठेवायचा. कोणत्या दिशेनं जायचं, वेग किती ठेवायचा, कुठलं दीपगृह किती वाजता दिसायला पाहिजे. आणि शेवटी एक ओळ: शंका आली तर मला उठवा. आमचे पहिले कप्तान उठवल्यावर कधी चिडले नाहीत. उगाच उठवलं असलं तरी “बरं केलंस” म्हणायचे. पुढं दुसरे आले, ते रागवायचे. मग पोरं उठवायला कचरायला लागली. तेव्हा काही वाईट झालं नाही, देवाची कृपा. पण मी जाईन ते पहिल्यांच्या जहाजावर. नाव इथं लिहीत नाही.

गोदाकाठी

काका, लिहिलंय मस्त, पण मला जरा तलवार-तोफा पाहिजेत! मी नांदेडला शिकतो आणि माझं उत्तर एकच, मराठ्यांचे आरमारप्रमुख सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर हल्ला केला, हरले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर आले, तरी हरले. १७२९ मध्ये कान्होजी गेले तोपर्यंत समुद्रावर त्यांना कुणी हरवू शकलं नाही. इंग्रज कागदोपत्री त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, लिहितात, याचा मला मनापासून राग येतो. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्यानं आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं, नाही घेतलं तर जहाज धरायचं, हा राज्याचा अधिकार झाला. पोर्तुगीज तर हेच आधी शंभर-दोनशे वर्षं करत होते.

रेवदंड्याची, परभणीत

गोदाकाठी, रागाशी मी सहमत आहे. माझं माहेर रेवदंडा, लग्न होऊन परभणीला आले त्याला आता वीस वर्षं झाली. तलवारीबद्दल मात्र थोडं थांब, आणि आमच्या बाजूनं ती लढाई बघ.

आमच्या घरी होडी होती. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, चुलते होते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा. शीड कधी उभं करायचं, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं या दोन वाऱ्यांवर. हे दोन वारे जिथं एकमेकांना जागा देतात त्या वेळेला हवा पडते. पान हलत नाही. मोठं जहाज तेव्हा नुसतं लाकूड होऊन बसतं.

आता खांदेरी, १६७९ साल. शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या त्या बेटावर किल्ला बांधायला मायनाक भंडाऱ्याला पाठवलं. इंग्रजांनी मुंबईहून जहाजं आणून वेढा घातला. त्यांच्याकडं ‘रिव्हेंज’सारखं मोठ्या तोफांचं जहाज, आपल्याकडं लहान गलबतं. पण गलबताला वल्ही होती आणि ते उथळ पाण्यातून जायचं. रात्री वारा पडला की आपली माणसं दगड, धान्य, पाणी घेऊन अंधारातून वल्हवत बेटावर पोचायची, आणि इंग्रजांची जहाजं बघत राहायची. १८ ऑक्टोबरच्या पहाटे तर मराठ्यांचा ताफाच वल्हवत चालून आला. इंग्रजांना नांगर उचलायला पुरेसा वेळ मिळाला नाही. त्यांचं ‘डव्ह’ हे जहाज आपल्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ मात्र जिद्दीनं लढलं, हेही सांगायला हवं, कीगविन नावाचा त्यांचा कप्तान कच्चा नव्हता. शेवटी इंग्रजांनी वेढा उठवला आणि किल्ला उभा राहिला.

कान्होजींच्या काळातही हीच युक्ती होती. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं जड गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोरानं ओढत न्यायची, शत्रूच्या पिछाडीकडून, जिथं त्याच्या तोफा कमी. गुराबाच्या मोठ्या तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, असायच्या, त्या समोर मारा करायच्या. ज्याला हवा पडायची वेळ आधी कळली तो जिंकला. तलवार लागते, पण खूप नंतर.

माझं उत्तर म्हणून मायनाक भंडारी. त्याच्याबद्दल कागदांत फार थोडं सापडतं, पण बेटावर रोज पाणी आणि दगड पोचवत राहिलेला माणूस मला पुरेसा ओळखीचा वाटतो.

गोदाकाठी

ताई, हे दोन वारे मला माहीतच नव्हते. पुन्हा एकदा सगळं वाचतो. मायनाक भंडारी आणि कान्होजी दोघंही चालतील का?

जुना वाचक, अंबाजोगाई

रेवदंड्याच्या ताईंनी लिहिलं ते वाचून एक जुनी खंत वर आली. आरमारावरचं आपलं बरंचसं लेखन काठावरून लिहिलेलं आहे. दरबार आहे, पत्रं आहेत, तह आहेत. डेकवर उभं राहून लिहिलेलं पान क्वचित. गुराबावरचा खलाशी काय खायचा, रात्री कुठं झोपायचा, वाऱ्याचं नाव काय, हे शोधावं लागतं.

आज्ञापत्र, म्हणजे मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ, मी दर वर्षी एकदा वाचतो. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हटलंय. ज्याच्याजवळ घोडदळ त्याची पृथ्वी, तसा ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मला त्याच्यापुढचा भाग जास्त प्रिय आहे, झाडांचा. आरमाराला सोट, डोलकाठ्या लागतात म्हणून लाकूड तोडावं लागतं, पण आंबा, फणस यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावं. जहाज बांधणाऱ्या राज्यानं शेतकऱ्याच्या फणसाचा विचार केला, हे मला एखाद्या विजयाइतकंच मोठं वाटतं.

आणि हेच आरमार १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला जळालं. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले. इंग्रजांचंच पूर्वी धरलेलं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज पेटलं आणि तिथून आग सगळ्या ताफ्यात गेली. तुळाजीचे दोष असतील. पण ती आग आपल्याच माणसांनी दुरून पाहिली, हे वाचताना आजही मला पुस्तक खाली ठेवावं लागतं.

तेरची लेक

जुना वाचक काका, खरं आहे.

आता थोडं आमच्या मातीतलं सांगते. मांजराकाठ दादांनी लिहिलं की समुद्र त्यांना पुस्तकात भेटला. आमच्या तेरला तो दोन हजार वर्षांपूर्वी गाडीरस्त्यानं येत होता. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं बंदरांची एक वाटाड्या-वही लिहिली, ‘पेरिप्लस’. तिच्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आमचं तेर, आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणचे अकीकसारखे खडे आणि तगरचं कापड, मलमलसुद्धा, गाड्यांत भरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण वाटावी अशी.

त्या वहीतला मला सगळ्यात आवडलेला भाग व्यापाराचा नाही. नर्मदेच्या मुखाशी भरती इतकी जोरात येते की परकी जहाजं वाळूत रुतून उलटतात. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन बाहेर समुद्रात जायचे, जहाजाला गाठायचे आणि भरती-ओहोटीची वेळ साधत, मुक्काम करत करत, भडोचपर्यंत आणायचे. त्या कोळ्यांच्या भरवशावर आमच्या तगरचं कापड समुद्र ओलांडत होतं.

याच भडोचच्या एका नावाड्याची गोष्ट जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, आहे, आणि तोच माझा कप्तान. त्याचं नाव सुप्पारक. खाऱ्या पाण्यानं त्याचे डोळे गेले. दर्या सुटला, राजाकडं पारखी म्हणून नोकरी धरली. हत्ती, घोडे हातानं चाचपून त्यांचे दोष सांगायचा. राजा दर वेळेला आठ नाणी द्यायचा. तो म्हणाला, हे न्हाव्याला द्यायचं दान झालं, आणि परत बंदरावर आला. व्यापाऱ्यांनी आंधळ्यालाच नावाडी म्हणून नेलं. वादळात जहाज भरकटलं, ओळख नसलेल्या समुद्रांत गेलं. लोक त्याला विचारायचे, पाणी आगीसारखं दिसतंय, हा कोणता समुद्र? पाणी दह्यासारखं दिसतंय, हा कोणता? तो ऐकून नाव सांगायचा. डोळे त्यांचे होते, ज्ञान त्याचं होतं. बालाघाटच्या भाऊंनी लिहिलेल्या वहीतल्या ओळीवरून मला हा आठवला. पाहणाऱ्यानं बिनधास्त सांगायचं आणि ज्याला कळतं त्यानं ऐकून घ्यायचं.

गोदाकाठी

तुम्ही गोष्टीतला घेतला म्हणून मीही एक घेतो, कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्ननं त्याला १८७० साली पाणबुडीत बसवलं तेव्हा तो कुठला हे सांगितलंच नव्हतं. काही वर्षांनी दुसऱ्या कादंबरीत कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या युद्धात सगळं गमावलेला. मी आठवीत वाचलं तेव्हा दोन दिवस शाळेत त्याच्याशिवाय काही बोललो नाही. आपल्या देशातला माणूस, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या कप्तानांपैकी एक!

पण आता तुमचं सगळ्यांचं वाचून वाटतंय, मी त्याच्या जहाजावर चढेन का? त्याचं दुःख खरं आहे. पण तो इंग्रजांवरच्या सूडापायी आपल्या माणसांना कुठं नेतोय, हे त्यांना कधी विचारत नाही.

मांजराकाठ

गोदाकाठी, तू फार नेमकं बोट ठेवलंस.

जुना वाचक, अंबाजोगाई

जहाज सोडणाऱ्या कप्तानांबद्दलही बोलायला हवं. १८८० साली ‘जेद्दाह’ नावाची आगबोट नऊशेहून अधिक हज यात्रेकरू घेऊन निघाली होती. वादळात पाणी शिरलं. कप्तान आणि बरेचसे गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. दुसऱ्या जहाजानं त्यांना उचलून एडनला नेलं, तिथं त्यांनी सांगितलं की ‘जेद्दाह’ बुडाली. तेवढ्यात दुसरी आगबोट ‘जेद्दाह’लाच ओढत एडनच्या बंदरात घेऊन आली. यात्रेकरू पाणी उपसत राहिले होते, ती बुडाली नव्हती. जोसेफ कॉनरॅड स्वतः कप्तानाची परीक्षा पास झालेला माणूस, त्यानं याच घटनेवरून १९०० साली कादंबरी लिहिली. पळून गेलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका उडीभोवती फिरतं. मला तिच्यात राहून राहून वाटतं की उपसणाऱ्यांचीही कादंबरी कुणीतरी लिहावी.

बालाघाटचा गडी

काका, हे वाचून मी बराच वेळ गप बसलो.

आमच्यात ‘खुकरी’ या युद्धनौकेचं नाव घेतलं की मेस डेकवरचा आवाज खाली यायचा. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ, रात्री. पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला पोरांना समुद्रात उतरवत राहिले, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीर चक्र मिळालं. दीवला स्मारक आहे, मी जाऊन आलोय.

कुणी मला विचारतं, कप्तानानं जहाजाबरोबर जायलाच पाहिजे असा नियम आहे का. तसा नियम नाही. ते जहाजावर थांबले कारण अजून माणसं खाली होती. मी तरुण असताना मला हे मोठं वाटायचं, आता पोरं-नातवंडं झाल्यावर त्यातलं घरच्यांचं दुःख जास्त दिसतं. दोन्ही खरंच आहे.

आणि एक गोष्ट मांजराकाठ दादांच्या तराजूवरून. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात नौसैनिकांनी संप केला, तो ताटावरून सुरू झाला. निकृष्ट जेवण आणि वरून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. मग त्यातून स्वातंत्र्याची मागणी पुढं आली आणि काही दिवसांत कराचीपर्यंत पोचली. म्हणून म्हणतो, वाटप नीट करणारा कप्तान पाहिजे. पोरं भूक सोसतात. आपल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त, हे सोसत नाहीत.

रेवदंड्याची, परभणीत

बालाघाटचे भाऊ, आमच्या होडीवर पहिला घास सगळ्यात लहान पोराला. तो साधारण बारा-तेरा वर्षांचा असायचा, आणि उलट्या करून अर्धा झालेला. तांडेल सगळ्यात शेवटी जेवायचा. आमच्या चुलत्यांनी हे कुणाला शिकवताना मी कधी ऐकलं नाही, नुसतं दिसायचं.

मांजराकाठ

धागा सुरू करताना इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचा मनापासून आभारी आहे.

आमच्या वाचनालयाची वीसेक मुलं आहेत, पाचवी ते नववी. त्यांतल्या दोघांनीच समुद्र पाहिलाय. दिवाळीनंतर त्यांना घेऊन अजिंठ्याला जायचं ठरवतोय. तेरच्या ताई, तिथं दोन नंबरच्या लेण्यात जहाज आहे असं मी वाचलं होतं. आणि बालाघाटचे काका, तुम्ही मुलांबरोबर याल का?

तेरची लेक

आहे दादा. दोन नंबरच्या लेण्यात, पूर्णाच्या कथेत. तो सोपाऱ्याचा व्यापारी, सात समुद्रयात्रा करून आलेला, मग भिक्खू झाला. त्याच्या भावाचं चंदन भरलेलं जहाज वादळात सापडतं आणि तो त्याला वाचवतो. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, नाळेवर डोळा काढलाय. पिछाडीला रांजणांची रांग आहे. सतरा नंबरमध्ये सिंहलाची कथा बघा, तिथं फुटलेलं जहाज आहे. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा. फ्लॅश वापरू देत नाहीत आणि आत उजेड कमी आहे, तेव्हा मुलांना डोळे सरावेपर्यंत जरा थांबवा. मोठं चित्र त्यांना आधी कागदावर दाखवलंत तर भिंतीवर सापडायला सोपं जाईल.

बालाघाटचा गडी

येतो की दादा, नक्की येतो. तारीख ठरली की कळवा. पेरणीचा खोळंबा नको, एवढंच.

ताईंनी सांगितलेलं जहाज आत्ताच नातवानं मोबाइलवर दाखवलं. मोठं करून बघितलं. ते रांजण पाण्याचेच असणार असं मला वाटतं. सुकाणूच्या वल्ह्याजवळ ठेवलेत, म्हणजे ज्याच्या हातात जहाज आहे त्याला मान न वळवता दिसतात. ही जागा चित्रकाराच्या मनातली नाही. त्याला कुणा खलाशानं सांगितलेली आहे.